रसायनीभोंवतालच्या साहससहली

सुटीचे दोन दिवस लागून आले म्हणजे मुंबईकराचें मन समुद्राकडे धांव घेतें. अलिबाग, किहीम, नागांव, काशीद, मुरूड हीं नांवें घरोघरीं परिचयाचीं आहेत. वाळूवर बसावें, शहाळ्याचें पाणी प्यावें आणि सूर्यास्त पाहून परतावें, एवढ्यावर पूर्वीं सहलीची हौस भागत असे. अलीकडे त्या हौसेंत एका नव्या मागणीची भर पडली आहे. नुसतें बसून राहण्यापेक्षां हातापायांना कांहीं काम पडावें, थोडा दम लागावा, छाती जराशी धडधडावी, अशी इच्छा तरुणांप्रमाणें प्रौढ कुटुंबवत्सल माणसांनाही होऊं लागली आहे. जगांतील पुष्कळ सागरतीरांवर हाच प्रकार दिसतो. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरलेले प्रवासी दोन दिवस वाळूंत घालवितात आणि तिसऱ्या दिवशीं रानांतील वाटा, भूगर्भांतील पाण्याचे डोह आणि झाडांच्या शेंड्यांवरून ताणलेले दोर ह्यांच्याकडे वळतात.

अलिबागेकडे निघालेल्या कुटुंबाला त्यासाठीं दूर जावें लागत नाहीं. पनवेल सोडून मुंबई–गोवा रस्त्याला लागलें कीं कर्नाळ्याचा अंगठा दिसूं लागतो. त्याच्या मागें पाताळगंगेच्या खोऱ्यांत रसायनी आहे. आणि रसायनीच्या भोंवतीं खालापूर, कर्जत व पनवेल ह्या तालुक्यांत डोंगर, नद्या आणि गड ह्यांचा असा मुलूख पसरला आहे, कीं हौशी माणसास तो वर्षानुवर्षें पुरावा. दर शनिवारीं-रविवारीं शेंकडों मंडळी तिकडे जातात आणि बहुतेक आनंदानें परत येतात. परंतु दर पावसाळ्यांत त्याच मुलुखांतून अपघातांच्या वार्ताही येतात, आणि त्यांतील पुष्कळसे अपघात टाळतां येण्याजोगे असतात. म्हणून तेथें पाहण्यासारखें काय आहे आणि तेथून सुखरूप परतण्यासाठीं काय ठाऊक असावें, ह्या दोन गोष्टी एकत्रच समजून घेतल्या पाहिजेत. कारण ज्या कारणांनीं हा मुलूख सुंदर झाला आहे, त्याच कारणांनीं तो धोक्याचाही झाला आहे.

रसायनी हें नांव फार जुनें नव्हे. तें रसायनांच्या उद्योगावरून पडलें. १९६० सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ह्या सरकारी कंपनीचा मोठा कारखाना येथें उभा राहिला. २०१७ सालीं केंद्र सरकारनें त्याचें येथील जवळजवळ सर्व काम बंद करण्याचा निर्णय घेतला. नांव मात्र गांवास आणि पनवेल–रोहा मार्गावरील स्थानकास चिकटून राहिलें आहे. ह्या स्थानकाबाहेर उभें राहून चोहोंकडे पाहिलें तर क्षितिज डोंगरांनीं भरलेलें दिसतें. पश्चिमेस कर्नाळा, दक्षिणेस दाट रानांतला माणिकगड, ईशान्येस प्रबळगडाचें लांबरुंद पठार आणि त्याला खेटून उभी असलेली कलावंतिणीची शिखा, पूर्वेच्या बाजूस इर्शाळगड, आणि त्या सर्वांच्या पलीकडे खंडाळ्यापासून राजमाचीपर्यंत गेलेली सह्याद्रीची मुख्य भिंत.

ह्या सर्व डोंगरांची घडण एकाच काळ्या दगडाची आहे. सुमारे साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतून तप्त शिलारस वारंवार बाहेर पडला, दूरवर पसरला आणि थिजला. एकावर एक असे त्याचे कितीतरी थर सांचले. त्यांतील कांहीं थर अतिशय कठीण, तर कांहीं सच्छिद्र व ठिसूळ होते. पावसानें ठिसूळ थर लवकर झिजले, तेथें माच्या आणि गुहा झाल्या. कठीण थर टिकले, तेथें उभे कडे राहिले. जेथें भोंवतालचें सारें झिजून मधला कठीण गाभा तेवढा उरला, तेथें सुळका झाला. कर्नाळ्याचा सुमारे सव्वाशें फूट उंचीचा अंगठा हें त्याचें ठळक उदाहरण होय. इर्शाळगडाच्या माथ्यावरील खडकास तर आरपार भोंक आहे. डोंगराच्या अशा भोंकास ‘नेढें’ म्हणतात. सुईच्या नाकासही मराठींत हाच शब्द आहे.

थराथरांचा हा दगड चढणाऱ्यास एक धडा शिकवितो. त्याला आडव्या-उभ्या भेगा असतात, आणि हाताला घट्ट वाटणारा धोंडा अंगाचें वजन पडतांच कधीं कधीं सुटून येतो. म्हणून अनुभवी माणूस दगड धरण्यापूर्वीं तो हलवून पाहतो, आणि दोन पाय व दोन हात ह्या चार आधारांपैकीं एका वेळीं एकच सोडतो. शिवाय चढण्यापेक्षां उतरणें अवघड असतें. चढतांना दृष्टि वर असते व पावलें समोर दिसतात. उतरतांना पायाखालची पायरी दिसत नाहीं, दरी मात्र दिसते, आणि गुडघे थकलेले असतात. प्रबळमाचीवरून कलावंतिणीच्या माथ्यावर जाणाऱ्या पायऱ्या खडकांत खोदलेल्या, उंच आणि उघड्या आहेत. त्यांना कठडा नाहीं. वर जातांना ज्यांना भीति वाटली नाहीं, अशीं माणसेंही खालीं येतांना त्या पायऱ्यांवर बसून राहतात. वाट चढतां आली म्हणजे उतरतां येईलच असें धरून चालूं नये.

नदीची हकीगत डोंगराइतकीच नवलाची आहे. कोंकणांतील बहुतेक नद्या श्रावणांत दुथडी भरून वाहतात आणि चैत्र-वैशाखांत त्यांचें पात्र दगडगोट्यांचें होऊन बसतें. पाताळगंगा मात्र भर उन्हाळ्यांतही वाहती असते. ह्याचें कारण घाटावर आहे. लोणावळें, वळवण व शिरवटा येथील तलावांत सांठविलेलें पावसाचें पाणी टाटांच्या योजनेनें मोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खालीं खोपोलीस आणलें, आणि १९१५ सालीं तेथील विद्युद्गृह चालूं झालें. ह्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. जें पाणी इंद्रायणींतून भीमेला मिळून पूर्वसमुद्राकडे जावयाचें, तें चक्रें फिरवून झाल्यावर पाताळगंगेंत उतरलें आणि पश्चिमसमुद्राकडे वळलें. पुढें १९२२ मध्यें भिवपुरीचें विद्युद्गृह निघालें व आंध्रा खोऱ्यांतील पाणी उल्हास नदीस मिळालें. आणि १९२७ मध्यें भिरा येथें मुळशीच्या धरणाचें पाणी कुंडलिकेंत उतरूं लागलें. ह्या तिसऱ्या योजनेसाठीं मावळांतील गांवें पाण्याखालीं गेलीं आणि सेनापति बापट ह्यांचा मुळशी सत्याग्रह तिच्याच विरुद्ध झाला, हें सुशिक्षित वाचकांस ठाऊक आहेच.

आज हौशी प्रवासी रबरी तराफ्यांत बसून ज्या पाण्यावर स्वार होतात, तें हेंच पाणी होय. रसायनीच्या दक्षिणेस, मुंबई–गोवा रस्त्यावर, रोहें तालुक्यांत कोलाड आहे. तेथें कुंडलिकेवर चालणारा राफ्टिंगचा खेळ हा महाराष्ट्रांतील ह्या प्रकारचा सर्वांत परिचित खेळ आहे. भिऱ्याच्या विद्युद्गृहांतून आलेलें पाणी खालच्या लहान बंधाऱ्याशीं थांबवितात आणि तेथून तें सोडलें म्हणजे नदीला ओघ येतो. त्या ओघाची वेळ साधून सकाळींच तराफे पाण्यांत लोटतात. सुमारे १२ किलोमीटरांच्या त्या प्रवासांत मधून मधून खडकांवर आपटून फेंसाळणारें पाणी लागतें व मधून मधून संथ डोह लागतात. तराफ्याच्या मागच्या टोकाशीं बसलेला नाखवा ‘पुढें वल्हवा’, ‘मागें वल्हवा’, ‘थांबा’, ‘खालीं बसा’ असे मोजके हुकूम देतो. सर्वांनीं ते एकाच वेळीं पाळले तर तराफा सरळ जातो, न पाळले तर आडवा होतो. निघण्यापूर्वीं कांठावर ह्या हुकुमांची जी उजळणी घेतात, ती पुष्कळांना पोरखेळ वाटते. पण तेवढ्या दहा मिनिटांवरच पुढचे दोन तास अवलंबून असतात.

तराफ्यांतून पाण्यांत पडलेल्या माणसानें काय करावें, हेंही त्याच वेळीं सांगतात, आणि तें नीट ऐकून ठेवावें. अंगावर तरंगतें जाकीट घट्ट बांधलेलें असतें. त्यामुळें बुडण्याची भीति कमी. खरी भीति उभें राहण्याचा प्रयत्न करण्याची. ओघ जोराचा असतां पाय तळाच्या दोन धोंड्यांमध्यें अडकला, तर वरचें पाणी अंगाला पुढें लोटतें आणि कमरेइतक्या पाण्यांतही माणूस गुदमरतो. म्हणून पाठीवर उताणें व्हावें, पाय वर उचलून प्रवाहाच्या दिशेला ठेवावे, आणि पाणी संथ होईपर्यंत तसेंच वाहत जावें. पोहतां येणाऱ्यासही हा नियम लागू आहे. ज्या नद्यांत विद्युद्गृहाचें पाणी येतें, त्यांच्याविषयीं आणखी एक गोष्ट लक्षांत असावी. तेथें आकाश निरभ्र असतांही पातळी चढूं शकते, कारण पाणी ढगांतून येत नसून दारांतून येतें. अनोळखी ठिकाणीं पात्राच्या मध्यें खडकावर जेवणाचे डबे उघडून बसण्यापूर्वीं कांठच्या गांवांत विचारावें.

तिसरा प्रकार दोराचा. पावसाळ्यांत कर्जत व भिवपुरी ह्या बाजूस धबधब्यांच्या कड्यावरून दोरानें उतरण्याचे कार्यक्रम होतात; त्यास रॅपलिंग म्हणतात. कमरेच्या पट्ट्यास अडकविलेल्या धातूच्या कडीसारख्या साधनांतून दोर वळवून नेलेला असतो, आणि त्या वळणांतील घर्षणानें उतरण्याचा वेग काबूंत राहतो. येथें पाहण्याच्या गोष्टी थोड्याच आहेत. मुख्य दोराखेरीज दुसरा रक्षक दोर आहे कीं नाहीं, आणि तो वरती दुसऱ्या माणसाच्या हातीं आहे कीं नाहीं. दोर एकाच झाडाला किंवा खुंटीला न बांधतां दोन स्वतंत्र आधारांना बांधला आहे कीं नाहीं. प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट आहे कीं नाहीं. आणि धबधब्याला पाणी वाढलें तर कार्यक्रम थांबविण्याचा अधिकार कोणाकडे आहे. हे प्रश्न विचारणें असभ्यपणाचें नाहीं. ज्यास आपलें काम येतें, तो अशा प्रश्नांनीं रागावत नाहीं. उलट बोटानें दाखवून उत्तर देतो.

ज्यांना दोर वा तराफा नको, नुसतें चालावयाचें आहे, त्यांच्यासाठीं ह्या मुलुखांत गड आहेत. त्यांचा क्रम मात्र सोप्यापासून अवघडाकडे लावावा. कर्नाळ्याचें रान १९६८ पासून पक्षी-अभयारण्य आहे, आणि तेथील चढण मुलांसह जाणाऱ्या कुटुंबासही हळूहळू साधते. अंगठ्यावर मधमाश्यांचीं पोळीं असतात, म्हणून तेथें धूर, आरडाओरड आणि उग्र अत्तरें वर्ज्य समजावीं. राजमाचीच्या पायथ्याशीं असलेलीं कोंडाण्याचीं बौद्ध लेणीं ही दुसरी पायरी. कर्जत तालुक्यांतील कोथळीगड, ज्यास पेठचा किल्ला असेंही म्हणतात, ही तिसरी. त्याच्या सुळक्याच्या पोटांत दगडी जिना कोरला आहे, आणि गुहेपासून त्या जिन्यानें माथ्यावर जातां येतें. माणिकगडाची वाट रानांतून जाते व चुकण्यास सोपी आहे. कलावंतीण त्याच्या पुढची. आणि इर्शाळगडाचा शेवटचा खडक तर दोर व जाणता सोबती असल्याशिवाय चढूंच नये. उन्हाळ्यांत गडावरच्या टाक्यांतील पाण्यावर भिस्त ठेवूं नये. माणशीं दोन-तीन लिटर पाणी खालूनच न्यावें.

हे गड इतिहासांत कोठें बसतात, हें ठाऊक असलें म्हणजे चढण्याचा शीण निम्मा होतो. प्रबळगडाचें जुनें नांव मुरंजन. १६६५ सालच्या पुरंदरच्या तहांत शिवाजीमहाराजांनीं जे २३ किल्ले मोंगलांना दिले, त्यांत प्रबळगड, कर्नाळा व माणिकगड हे तिन्ही होते. परंतु साहसाचा विचार करणारानें त्याहून चार वर्षें आधींची, म्हणजे १६६१ च्या फेब्रुवारींतील एक घटना आठवावी. शाइस्ताखानानें कारतलबखान नांवाच्या सरदारास पुण्याकडून कोंकणांत धाडलें. लोणावळ्यानजीक घाट उतरून त्याची फौज आजच्या खालापूर तालुक्यांतील उंबरखिंडींत शिरली. वाट अरुंद, दोन्ही अंगांस दाट झाडी आणि जवळ पाणी नाहीं. मराठ्यांनीं पुढची व मागची वाट अडविली आणि झाडींतून मारा केला. फौज मोठी असूनही खानास शरण जावें लागलें आणि जवळचें सामानसुमान टाकून परत फिरावें लागलें. शरण जाण्याचा सल्ला त्याला रायबागन ह्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या माहूरच्या सावित्रीबाई देशमुख ह्यांनीं दिला, असें इतिहास सांगतो. चावणी गांवाजवळ ह्या लढाईचें स्मारक आहे. शौर्य खानाच्या सैन्यांतही होतें. वाट कोठें निघते आणि पाणी कोठें मिळतें, हें मात्र त्यांतील कोणास ठाऊक नव्हतें.

पावसाळ्यांत सह्याद्रि सर्वांत मनोहर दिसतो, आणि अडचणीही तेव्हांच सर्वांत अधिक असतात. कड्याकड्यावरून पाणी कोसळतें, धुकें उतरतें, काळा कातळ शेवाळानें हिरवा होतो. त्यावर नवें पादत्राणही टिकत नाहीं. धुक्यांत वीस पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो, म्हणून तुकडीनें कधीं फुटूं नये; पुढें एक जाणता, मागें एक जाणता आणि मध्यें इतर, असेंच चालावें. ओढ्यांविषयीं तर विशेष सावध राहावें. येथील डोंगर उभे आणि दगड अभेद्य असल्यामुळें पाणी जमिनींत मुरत नाहीं. वरच्या पठारावर पडलेली सर थोड्याच वेळांत खालच्या ओढ्यांत येऊन पोंचते. खालीं उभा असलेल्या माणसाच्या डोक्यावर कदाचित् पाऊसही नसतो. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागील धबधब्यांत एका कुटुंबांतील पांच जण अशाच अकस्मात् वाढलेल्या ओघांत वाहून गेले, आणि त्यांत मुलेंही होतीं. पाणी एकाएकीं गढूळ झालें, पालापाचोळा व काटक्या वाहूं लागल्या, किंवा वरून घुमणारा आवाज आला, तर सामान उचलण्यासाठींही न थांबतां उंचावर जावें. सकाळीं सहज ओलांडलेला ओढा सायंकाळीं गुडघ्याच्या वर वाहत असेल, तर पलीकडे जाण्याची घाई करूं नये. पाणी जसें झपाट्यानें चढतें तसेंच तें पाऊस थांबल्यावर उतरतेंही. रात्र अलीकडे काढावी लागली तरी चालेल.

ह्या मुलुखांत पावसाचा अर्थ किती भयंकर होऊं शकतो, हें १९ जुलै २०२३ च्या रात्रीं साऱ्या महाराष्ट्रानें पाहिलें. खालापूर तालुक्यांत चौक गांवाच्या वरती, इर्शाळगडाच्या कुशींत, ठाकरांची इर्शाळवाडी होती. गडावर जाणारे गिरिभ्रमणकार तिच्या घरांमधूनच वर जात असत. तीन दिवसांत त्या भागांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि रात्रीं साडेदहा-अकराच्या सुमारास डोंगराचा भाग निसटून वाडीवर आला. २७ मृतदेह हातीं लागले. ५७ माणसें सांपडलीं नाहींत, आणि चार दिवसांनीं शोध थांबविण्यांत आला. वाडीकडे मोटारीचा रस्ता नव्हता. यंत्रें वर नेतां आलीं नाहींत, हवामानामुळें हेलिकॉप्टर जाऊं शकलें नाहीं. कुदळ-फावडीं घेऊन माणसें चिखलाची वाट चढून गेलीं. खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या गिरिभ्रमण मंडळांचे तरुण त्या रात्रींच तेथें पोंचले, कारण ती वाट त्यांच्या पायांखालची होती. नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचे एक अधिकारी ती चढण चढतांनाच हृदयविकारानें मृत्यु पावले. वांचलेल्या कुटुंबांसाठीं पुढें चौकजवळ सपाट जागेंत नवी वसाहत बांधण्यांत आली.

ह्या घटनेंत सहलीस जाणाऱ्यांसाठीं दोन गोष्टी आहेत. पहिली ही, कीं ती वाडी दरडप्रवण गांवांच्या यादींत नव्हती. यादींत नांव नाहीं म्हणून डोंगर निर्धोक, असें समजतां येत नाहीं. सतत दोन-तीन दिवस जोराचा पाऊस झाल्यावर उताराच्या पायथ्याशीं तंबू ठोकूं नये किंवा रात्रींचा मुक्काम करूं नये. जमिनींत नव्या भेगा दिसल्या, झाडें वा विजेचे खांब कललेले आढळले, अथवा नितळ झरा एकाएकीं मातकट झाला किंवा आटला, तर तेथून दूर व्हावें आणि गांवास कळवावें. दुसरी गोष्ट ही, कीं शहरांतून आलेल्या माणसास जें एका दिवसाचें साहस, तें डोंगरावरच्या माणसाचें रोजचें जिणें आहे. ज्या वाटेवर सुट्टींतला प्रवासी दम टाकतो, त्याच वाटेनें ठाकूर-कातकरी बायका डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन उतरतात, मुलें शाळेस जातात आणि आजाऱ्यास झोळी करून खालीं आणतात.

म्हणून ह्या मुलुखांतील कोणत्याही सहलीचें पहिलें साधन म्हणजे गांवचा वाटाड्या. त्याला ओढ्याचा उतार ठाऊक असतो, कोणता दगड पावसांत निसरडा होतो तें ठाऊक असतें, आणि ढग कोठून उतरला म्हणजे परत फिरावें हेंही ठाऊक असतें. त्याचा मेहनताना आधीं ठरवावा आणि घासाघीस न करतां द्यावा. त्याच्या घरीं केलेली भाकरी-भाजी विकत घेऊन खावी, अंगणांत शिरतांना विचारावें, आणि न विचारतां कोणाचीं छायाचित्रें काढूं नयेत. बरोबर नेलेलें प्लॅस्टिक बरोबरच परत आणावें. ‘आज वर जाऊं नका’ असें त्यानें सांगितलें तर मंडळींनीं त्याच्याशीं वाद घालूं नये. शंभर जणांची तुकडी घेऊन आलेला व्यवस्थापक पैसे परत द्यावे लागतील म्हणून कदाचित् पुढें रेटील. गांवच्या माणसाचा सल्ला तशा हिशेबांतून आलेला नसतो.

व्यवस्थापक निवडतांना कुटुंबप्रमुखानें कांहीं गोष्टी आधींच विचाराव्या. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं साहसी पर्यटनाचें धोरण जाहीर केलें आणि असे कार्यक्रम चालविणाऱ्या संस्थांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करण्यास सांगितलें. तेव्हां नोंदणी आहे कां, हा पहिला प्रश्न. किती माणसांमागें एक मार्गदर्शक असतो, त्याला प्रथमोपचाराचें शिक्षण आहे कां, सर्वांत जवळचें रुग्णालय कोणतें, आणि किती वाजतां परत फिरावयाचें ठरलें आहे, हे पुढचे प्रश्न. ह्यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. माथा गांठला असो वा नसो, ठरल्या वेळीं परत फिरणारी तुकडी उजेडांत पायथ्याशीं येते. अर्धा तास अधिक मागणारी तुकडी पुष्कळदां अंधारांत वाट चुकते. पावसाळ्यांत कांहीं गडांवर व धबधब्यांवर जिल्हा प्रशासन बंदी घालतें. निघण्याच्या आदल्या दिवशीं ती चौकशी करावी आणि बंदी असेल तर चोरवाट शोधूं नये; कारण तेथें अडकलेल्या माणसास काढण्यासाठीं जे रात्रीं चढतात, तेही कोणाचे तरी मुलगे असतात.

शेवटची तयारी घरींच करावयाची असते. साधी काठी, चांगल्या तळाचे बूट, पाणी, शिदोरी, विजेरी, शिटी, आवश्यक औषधें आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड एवढें सामान पुरतें. दूरध्वनि बरोबर असतोच, पण दरींत तो पुष्कळदां मुका होतो. संकेत मिळेल तेथें ११२ हा क्रमांक लावावा. त्याखेरीज एका कागदावर कोणत्या गडावर जात आहों, कोणत्या गांवावरून चढणार, बरोबर कोण आहे आणि किती वाजेपर्यंत परत येणार, एवढें लिहून तो घरांतील वडील माणसाच्या हातीं द्यावा. ठरलेली वेळ टळून गेली तर शोध कोठून सुरू करावा, हें त्या कागदावरून कळतें, आणि डोंगरांत शोधाचे पहिले कांहीं तासच मोलाचे असतात. रात्रीं घरीं परतल्यावर बुटांचा चिखल काढण्यापूर्वीं तो कागद परत मागून घ्यावा. तो हातीं आला म्हणजे सहल पुरी झाली असें समजावें.